भांगाचा मंगळवार

तिकीटबुकाच्या मागच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर
बेत लिहून काढतेय.
मंगळवार. अष्टमी.
तारीख शौकतभाईंनी काढली.
अष्टमीला भांगाचं पाणी,
फार चढत नाही, फार उतरत नाही,
रॅम्प धक्क्याला नीट टेकतो,
बदलीचा सारंगसुद्धा बोट सांभाळील.
आणि मंगळवारी घाटाखालच्या त्या पार्कातही
माणसांचा भांगच असतो, म्हणाले.
उधाण रविवारी.

सव्वासहाची पहिली फेरी.
त्या फेरीत आम्ही चौघं उतारू.
मी माझं तिकीट काढणार, सुटे मोजून.
एकोणीस वर्षं सुट्ट्यांवरून लोकांना बोलले,
त्या दिवशी नोट पुढे केली तर शोभेल का?

बागमांडल्याला हमीदाच्या भाच्याची गाडी.
म्हसळा, माणगाव, मग पालीवरून.
माणगावला चहा. फक्त चहा.
मिसळ दिसली तरी खिडकीबाहेर बघायचं नाही.
आंबोळ्या डब्यात, पण त्या परतीला.
माणशी किती, ते लिहून खोडलंय.

मोठा पाळणा आधी की लहान,
यावर दोन फेऱ्या गेल्या.
शौकतभाई म्हणाले, पायरी पायरीनं चढू.
निनाद दोर फेकता फेकता म्हणाला,
लहानावरच टरकलात तर मोठ्यापर्यंत पोचाल का?
त्यानं मोबाइलवर दाखवला तो,
लाल रुळांचा, आकाशात गाठ मारलेला.
म्हणून मोठा आधी. दार उघडलं की डावीकडे.
पळायचं नाही,
पण चालणाऱ्यांत पहिलं असायचं.

तिथे पाटी असते म्हणे:
हृदयविकार, रक्तदाब, मानेचं दुखणं, गरोदर.
यातलं शेवटचं मला नाही, एवढं नक्की.
गोळी रात्री घ्यायची की सकाळी,
डॉक्टरांना विचारायचं.
कशासाठी, ते सांगायचं नाही.

चष्मा काढून ठेवायला लागतो.
म्हणजे वरून मला काहीच दिसणार नाही.
हमीदा सांगेल, असं ठरलंय.
ती डोळे मिटून बसणार, असंही ठरलंय.

काल किटली ठेवून तिनं हळूच विचारलं,
तिथं ओरडलेलं चालतं ना?
निनाद हसला. तेवढ्याचेच तर पैसे देतात, काकी.
ती गप्प झाली.
कप विसळले, पाणी खाडीत ओतलं,
आणि म्हणाली,
मला कडेची जागा हवी.

ही खाडी सपाट आहे.
बारा मिनिटं जायला, बारा मिनिटं यायला,
दिवसाला अठरा खेपा.
परवा हिशेब मांडून बघितला,
पृथ्वीला दोन वळसे सहज झाले असतील माझे,
एक वीत वर न चढता.
मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो,
आई, या वयात?
त्याला म्हटलं, अरे, मागच्या वयात
कोणी विचारलं होतं का?

राहिलेल्या गोष्टी:
केसांना जाड रबर.
शौकतभाईंची कवळी, रुमालात बांधून खिशात.
निनादला रजा मिळते का (शेठ अजून कुरकुरतोय).
भिजायच्या पाळण्यावर हमीदा बसणार नाही,
पाणी रोजचंच आहे, म्हणते.
भीती वाटली तर कोणाचा हात धरायचा,
हे कोणीच विचारलेलं नाही,
म्हणून लिहिलेलं नाही.

चारची फेरी.
वेसवीच्या धक्क्यावर चिऱ्यांचा ट्रक उभा,
लाल धूळ, वर ताडपत्री.
त्याची पुढची चाकं रॅम्पवर आली
की बोट वीतभर खाली बसते, पोटात जरासं हलतं.
रोज बसते. रोज हलतं.
कधी लक्ष दिलं नव्हतं.

बाकावरून हमीदा ओरडली, आली, आली!
आणि आम्ही हात वर केले.
मी तिकीटबुकासकट,
निनादनं दोरासकट,
केबिनमधून शौकतभाईंनी एकच,
दुसरा सुकाणूवर.

ट्रकवाल्याला वाटलं, थांबवतायत.
त्यानं करकचून ब्रेक मारला,
अर्धा रॅम्पवर, अर्धा जमिनीवर,
आणि काच खाली करून
काय झालं, काय झालं, विचारत बसला.